बडोद्याची मराठी घेऊन: अप्रकाशित हस्तलिखित पारितोषिकासाठी कसं तयार करावं

तरुण लेखकांच्या अप्रकाशित हस्तलिखिताला पारितोषिक असल्याचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं की बडोद्यातली चार-दोन मुलं-मुली मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मावशी, आमची मराठी चालेल का तिकडे?" तिकडे म्हणजे पुण्या-मुंबईकडे. पारितोषिक कुठल्याही गावाचं असो, परीक्षक तिकडचेच असणार, हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. काही वर्षं मी अशा एका स्पर्धेसाठी पहिल्या फेरीचं वाचन केलं आहे. त्याच्या कितीतरी आधी माझी स्वतःची संहिता पाठवून ती परत आलेलीही पाहिली आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे समजलं ते इथे क्रमाने सांगते. त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की बडोद्याची मराठी चालते. मात्र कुठला शब्द आपण मुद्दाम ठेवला आणि कुठला नकळत राहून गेला, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं. तयारीचे निम्मे कष्ट तिथेच जातात.

पत्रक हातात पेन्सिल घेऊन वाचा

आधी पत्रकाची छापील प्रत काढा. मोबाइलवर वाचताना अटी निसटतात.

वयाच्या अटीखाली रेघ मारा. "३५ वर्षांपर्यंत" आणि "३५ वर्षे पूर्ण झालेली नसावीत" या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं हेही लिहिलेलं असतं. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी ते पुरस्काराच्या वर्षाच्या १ जानेवारीला मोजतात. हा पुरस्कार २०११ पासून दिला जातो, रक्कम ५० हजार रुपये आहे, पण तो छापून आलेल्या पुस्तकाला मिळतो. संहितेची फाइल घेऊन त्याच्यामागे लागलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगितलं.

अप्रकाशित लेखनासाठी वाटा वेगळ्या आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना नव्या लेखकाच्या हस्तलिखिताला छपाईसाठी मदत करते. २०२१ मध्ये केंद्राने ३० वर्षांखालच्या लेखकांसाठी 'पीएम युवा' योजना सुरू केली. तिच्यात ७५ जण निवडले गेले आणि प्रत्येकाला दरमहा ५० हजार रुपये, असं सहा महिने विद्यावेतन मिळालं. तिथे पूर्ण संहितेऐवजी पुस्तकाचा आराखडा आणि नमुन्याचं प्रकरण मागितलं होतं. काय मागितलं आहे ते पाहूनच कामाला लागावं.

आपल्यासाठी सर्वांत नाजूक अट रहिवासाची. "महाराष्ट्रातील रहिवासी" असं लिहिलेलं असेल तर आधार कार्डावरचा बडोद्यातल्या रावपुऱ्याचा पत्ता आड येतो. "मराठीत लिहिणारे" असं असेल तर मार्ग मोकळा. शब्दरचना संदिग्ध वाटली तर आयोजकांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेला होकार तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही. आणि अट खरंच तशी असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचं पत्रक बघा. मध्य प्रदेश, गोवा, कर्नाटक, तेलंगण इथल्या मराठी संस्थाही आपापल्या परीने स्पर्धा घेत असतात. त्यांच्या सूचनांवर नजर ठेवायची सवय लावा.

'अप्रकाशित' या शब्दाचा अर्थ

वाद होतात ते याच शब्दावर. संहिता पुस्तकरूपाने छापलेली नसावी, हे सगळ्यांना समजतं. पण तिच्यातली एक कथा दिवाळी अंकात आली असेल तर? बहुतेक ठिकाणी सुट्या कथा-कविता नियतकालिकात आलेल्या चालतात, काही ठिकाणी एकही ओळ छापून आलेली चालत नाही. फेसबुकवर टाकलेली कविता, 'प्रतिलिपी'वर भागाभागाने चढवलेली कादंबरी, कॉलेजच्या वार्षिक अंकातली गोष्ट, हे सगळं आयोजकांच्या नजरेत प्रकाशितात मोडू शकतं. वाढदिवसाला हौसेने छापून वाटलेली तीस पानांची पुस्तिका तर नक्कीच मोडते, तिच्यावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असला तर बोलायलाच नको.

म्हणून एक वही करा. शंभर पानी, साधी. प्रत्येक कथेला किंवा कवितेला एक ओळ: नाव, कधी लिहिली, कुठे आली, कोणत्या तारखेला, समाजमाध्यमावर टाकली असली तर कधी काढली. प्रतिज्ञापत्र लिहायची वेळ आली की तुम्ही आठवणीवर विसंबून राहणार नाही. माझ्या पाहण्यात एक चांगला कथासंग्रह शेवटच्या यादीतून गळला, कारण त्यातली एक कथा आधी छापून आली होती आणि लेखिकेने ते कळवलं नव्हतं. लपवायचा तिचा हेतू नव्हता, ती साफ विसरली होती. त्या संग्रहातल्या दुसऱ्या दोन कथा मला अजून आठवतात.

गुजरातीतून काही घेतलं असेल तर तेही याच वहीत येऊ द्या. आपण दोन भाषांत वाढतो, त्यामुळे शाळेत वाचलेली गुजराती गोष्ट नकळत मराठीत उतरते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा कॉपीराइट चालतो, तोवर अनुवादाला किंवा रूपांतराला परवानगी लागते. लोककथा कुणा एकाची नसते, पण ती गोळा करून कुणी आपल्या शब्दांत लिहिलेली असेल तर ते शब्द त्या व्यक्तीचे असतात. कथा घ्या, सांगणं तुमचं असू द्या.

काय ठेवायचं, काय काढायचं

मुदतीच्या आधी निदान दोन महिने हाताशी ठेवा. पहिल्या आठवड्यात काही लिहू नका. आहे ते सगळं छापून काढा आणि वरून खाली एका बैठकीत वाचा.

कवितांच्या संहितेत सत्तर-ऐंशी कविता कोंबण्याचा मोह होतो. परीक्षकासमोर अशा पंधरा-वीस संहिता असतात. चाळीस चांगल्या कवितांच्या मध्ये ठेवलेल्या तीस सुमार कविता त्या चाळिसांनाही खाली ओढतात. कुठली काढायची हे कळत नसेल तर सोपा उपाय आहे. नावांच्या चिठ्ठ्या करा, आणि कविता न बघता कुठल्या कवितेतली एखादी ओळ आठवते ते तपासा. स्वतःलाच एकही ओळ न आठवलेली कविता बाजूला ठेवा. फाडू नका, पुढच्या संहितेत तिला जागा मिळेल.

क्रम लावताना लिहिल्याच्या तारखा विसरा. पहिली फेरी वाचणारा माणूस दिवसभराचं काम उरकून रात्री वाचायला बसतो, आणि पहिल्या दहा पानांत त्याला लिहिणाऱ्याचा हात कळतो. सुरुवातीला तुमची सर्वांत सोपी कथा ठेवू नका, सर्वांत अवघडही नको. जी तुमच्याखेरीज दुसरं कुणी लिहिलं नसतं ती ठेवा. कादंबरी असेल तर पहिल्या प्रकरणातलं हवामानाचं वर्णन काढून पाहा. दहातल्या आठ वेळा प्रकरण त्यानंतरच्या परिच्छेदापासून सुरू होतं, असा माझा अनुभव आहे.

लांबलचक मनोगत लिहू नका. कुणा मोठ्या लेखकाची प्रस्तावनाही जोडू नका. वाचणाऱ्याला संहिता वाचायची असते.

'धाबं' की 'गच्ची'

आता मुख्य मुद्दा.

एका वर्षी उत्तरायणावरची एक कथा वाचायला आली होती. पतंग, तीळ, मांडवीच्या आसपासची घरं, सगळं होतं. पण पोरं 'गच्चीवर' चढत होती, आणि पतंग कापला की पुस्तकी मराठीत ओरडत होती. लिहिणारा बडोद्याचाच आहे हे उघड होतं, कारण गल्लीचं वळण त्याने अचूक टिपलं होतं. नंतर कधीतरी त्याच्याशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की पहिल्या खर्ड्यात 'धाबं' होतं, 'काप्यो छे' होतं, 'लपेट' होतं. मित्राने सांगितलं की परीक्षकांना हे कळणार नाही, म्हणून त्याने सगळं खोडलं. त्या खोडण्यात कथेचा आवाज गेला. चौदा जानेवारीला बडोद्याच्या धाब्यांवर जी आरोळी उठते तिला दुसरा शब्द नाही.

परीक्षकाला अर्थ कळणार नाही ही भीती बहुतेक वेळा फुकट असते. "धाब्यावर चढलो तर मांडवीचा दरवाजा पतंगांआड गेलेला" असं लिहिलं की धाबं म्हणजे काय ते वाक्यच सांगतं. कंसात अर्थ देऊ नका, तळटीपही नको. शब्द पहिल्यांदा येईल तिथे त्याच्याभोवती दोन गोष्टी अशा ठेवा की तो आपोआप उजळेल. ओटल्यावर बसलेली आजी शेंगा सोलते आहे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलते आहे, एवढ्यात ओटला समजतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या मराठीत गुजराती अशा जागी शिरते जिथे आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. गुजरातीत 'चा' स्त्रीलिंगी आहे, म्हणून आपल्या घरांत "चहा घेतली?" असं सहज विचारलं जातं. मराठीत चहा पुल्लिंगी. "मला इथे फावत नाही" हे आमच्याकडे 'जमत नाही, रुचत नाही' या अर्थी बोलतात, कारण गुजरातीतलं 'फाववुं' तसं आहे. मराठीत "त्याचं फावलं" म्हणजे त्याला संधी साधता आली. पुण्याचा वाचक 'फावत नाही' वाचून वेगळाच अर्थ लावेल.

मग करायचं काय? मी मुलांना तीन रंगांच्या पेन्सिली घ्यायला सांगते. संवादात पात्राच्या तोंडी आलेला बडोदी शब्द हिरवा, तो राहणार. निवेदनात आलेला, पण गावाची वस्तू, सण किंवा जागा सांगणारा शब्द निळा, तोही बहुधा राहणार. आणि निवेदनात लिंग, विभक्ती, क्रियापद यांत नकळत शिरलेली गुजराती वळणं लाल. निवेदक स्वतः बडोद्याचं पात्र असेल, 'मी' म्हणून बोलत असेल, तर लालातलंही काही मुद्दाम ठेवता येतं, पण मग ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखं हवं. दुसऱ्या पानावर 'चहा घेतली' आणि तिसाव्यावर 'चहा घेतला' असं झालं की वाचणारा त्याला चूक समजतो, आणि ते बरोबरच आहे.

लाल खुणा स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी दोन वाचक शोधा. एक घरातला, शक्यतो आजी किंवा आजोबा, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बडोद्याची जुनी मराठी त्यांच्या कानात आहे, खोटा संवाद आला की लगेच म्हणतील, "असं कोण बोलतं रे?" दुसरा वाचक असा, की जो बडोद्यात कधी राहिलेला नाही: नागपूरची मामेबहीण, कोल्हापूरचा कुणी मित्र. त्याला फक्त अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. मत विचारू नका.

या बाबतीत संकोच वाटला तर गावाचा इतिहास आठवावा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चार वेळा भरलं आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाखांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमाला उभी राहिली. १९४३ मध्ये 'अभिरुची' मासिक याच गावातून निघू लागलं, आणि मराठीतल्या नव्या लिहिणाऱ्यांना त्याने जागा दिली. तेव्हा इथून पाठवलेली संहिता परक्या दारात गेली असं मानायचं कारण नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, त्या लोखंडी कपाटांच्या आणि काचेच्या जमिनीच्या इमारतीत, एक दुपार काढा. आधीच्या पिढ्यांनी या गावात बसून कशी मराठी लिहिली ते पाहा.

ऱ्हस्व-दीर्घ आणि टंक

गुजराती माध्यमात शिकलेल्यांना शुद्धलेखनाची धास्ती असते. साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत: १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये आलेले ४. एका संध्याकाळी वाचून होतात. त्यातले दोन पाठ केले तरी निम्म्या चुका जातात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: मी, तू, पाणी, गुरू. आणि शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असलेल्या शब्दाला प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: फूल-फुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला. तत्सम शब्दांचे अपवाद आहेत, ते कोशात पाहा.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून घेतलं आणि नंतर युनिकोडमध्ये बदललं, तर रफार जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. बदललेली फाइल असेल तर प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दात ऱ नुक्त्यासह, म्हणजे खालच्या टिंबासह, टाइप करावा लागतो, साधा र घातला की डोंगराचा समुद्र होतो. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'गोऱ्हा' असे शब्द शोधून तपासा. हिंदीची सवय असलेला ऑपरेटर वाक्याअंती दंड, म्हणजे उभी रेघ, घालतो, तो काढा. अनेक फॉण्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही रूपं दिली आहेत. एक पान छापून पाहा आणि ही रूपं दाखवणारा फॉण्ट निवडा. यावरून कुणी संहिता बाद करत नाही, पण पान मराठी दिसतं.

ए-फोर कागद, एका बाजूला छपाई, १४ चा टंक, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे बाइंडिंगपुरती जागा, पानांना क्रमांक. प्रत्येक कविता नव्या पानावर. पत्रकात वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा.

नाव कुठे कुठे लपलेलं असतं

संहितेवर लेखकाचं नाव नको, अशी अट जवळपास सगळीकडे असते. मुखपृष्ठावरून नाव सगळेच काढतात. माझी पहिली संहिता मात्र नावावरूनच बाद झाली. मी अर्पणपत्रिकेत आई-बाबांची नावं आडनावासह लिहिली होती. महिनाभराने पाकीट जसंच्या तसं परत आलं, आत दोन ओळींची चिठ्ठी. त्या संहितेवर वर्षभर खपले होते, पण एकाही परीक्षकाने ती उघडली नव्हती. तेव्हापासून मी ही यादी करून ठेवली आहे.

अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश पूर्ण काढा. गझल लिहीत असाल तर मक्त्यातलं, म्हणजे शेवटच्या शेरातलं, टोपणनाव बघा, तेही नावच आहे. आत्मकथनपर लेखात शाळेचं नाव, घराचा पत्ता, भावाचं टोपणनाव येतं, त्यावरून ओळख पटते. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव आपोआप भरलेलं असतं, तिथून ते पुसा, मग पीडीएफ करा, आणि पीडीएफचे गुणधर्मही उघडून बघा. फाइलचं नाव संहितेचं ठेवा, स्वतःचं नको. नाव, पत्ता, जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र हे सगळं वेगळ्या बंद पाकिटात किंवा वेगळ्या फाइलमध्ये.

पाठवणी आणि त्यानंतर

मागितल्या असतील तितक्या प्रती करा आणि एक जास्तीची घरी ठेवा. मुदतीच्या आठवडाभर आधी स्पीड पोस्ट करा. 'मुदतीपर्यंत पोहोचली पाहिजे' की 'पाठवलेली असली पाहिजे' ते पत्रकात पुन्हा एकदा पाहा. पावतीचा फोटो काढा, पावती वहीत चिकटवा. परीक्षकांपैकी कुणी ओळखीचं निघालं तरी निकालापर्यंत त्यांना फोन करू नका, दिवाळीच्या शुभेच्छांचाही नाही. तीच संहिता त्याच वेळी दुसरीकडे पाठवायची मुभा आहे का तेही आधी बघा.

निवड झाली आणि संस्था पुस्तक छापणार असेल तर आनंदाच्या भरात सही करू नका. "सर्व हक्क संस्थेकडे राहतील" अशी ओळ असली तर थांबा. लिहिलं त्या क्षणापासून कॉपीराइट तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनेच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. तरीही दोन्ही स्पष्ट लिहून मागा. किती प्रती छापणार, लेखकाला किती देणार, मानधन कसं, आणि गुजराती अनुवादाचा हक्क कुणाकडे, हे विचारा. बडोद्याच्या लेखकाला हा शेवटचा प्रश्न आज ना उद्या लागतोच, कारण शेजारच्या घरातल्यांना तुमचं पुस्तक त्यांच्या भाषेत वाचायचं असतं.

निवड झाली नाही तर परीक्षकांचा अभिप्राय मिळेल का, हे एकदा नम्रपणे विचारा. मिळाला तर वहीत उतरवा, तारीख घाला. संहिता महिनाभर कपाटात ठेवा, मग त्याच तीन पेन्सिली घेऊन पुन्हा बसा. पहिल्या वेळी निळा म्हणून ठेवलेला एखादा शब्द आता लाल वाटेल, आणि खोडलेला एखादा परत घ्यावासा वाटेल. परत घ्या.